तिच्या पानात स्क्रिप्ट नव्हती

ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये दोन-तीनदा सांगितली आहे, पण अर्धीच. तेव्हा मला सीएसएसचं एवढं कळत नव्हतं, एका मुलीला चुकून नापास केलं, इतकंच. ऐकणारे म्हणतात, होतं सर असं. चुकून नव्हतं ते.

मी जळगावला कॉम्प्युटर शिकवतो. त्या वर्षी प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल परीक्षक म्हणून धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात गेलो होतो. पिंपळनेरकडची एक मुलगी शेवटच्या रांगेत होती. स्लिपवर प्रश्न होता: क्लिक केल्यावर उत्तर उघडेल आणि पुन्हा क्लिक केल्यावर मिटेल, असं वेबपान करा. सीएसएसनं पानाला रूप द्यायचं आणि हालचाल जावास्क्रिप्टकडून करून घ्यायची, असं मी पंधरा वर्षं शिकवत आलो होतो. स्लिपवर मात्र तसं काही लिहिलेलं नव्हतं.

तिचं उत्तर अलगद उघडत होतं, अलगद मिटत होतं. माझ्या पानांना ते कधी जमलं नव्हतं. कोड पाहिला तर स्क्रिप्टची एक ओळ नाही. कुठून उतरवलंस, बाकीचं कुठे लपवलंस, असं मी विचारलं. ती गडबडली आणि घरच्या बोलीत बोलून गेली, "सर, बठ्ठं आठेच शे." सगळं इथंच आहे.

पोरं हसली. मी तिथं थांबायला हवं होतं. म्हणालो, "मंग जादू शे का?" हसू आणखी वाढलं. माझी आई हीच बोली बोलते.

मग तिनं मला कोड समजावला. प्रश्नाच्या ओळीला तिनं टिक करायची एक चौकट जोडली होती, पण ती दिसू दिली नव्हती. ओळीवर क्लिक केलं की चौकटीत टिक व्हायची. टिक असली की सीएसएस उत्तर उघडायचं, निघाली की झाकायचं. "याला स्क्रिप्ट लागतच नाही सर," ती म्हणाली.

मला कळलं. त्याच क्षणी, पूर्ण कळलं. पण शेजारी कॉलेजच्या मॅडम उभ्या होत्या, अख्खी बॅच बघत होती आणि मी तिला चोर ठरवून मोकळा झालो होतो. बघू, म्हणालो.

मार्क भरताना मॅडम हळूच म्हणाल्या, तिला तुमच्या जळगावातच पुढं अ‍ॅडमिशन मिळालंय, इथं अडकली तर ते जाईल. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. कोणता नियम, हे त्यांनी विचारलं नाही. मी नापासाचे मार्क लिहिले, सही केली.

सहा महिन्यांनी राहिलेल्यांची परीक्षा घ्यायला पुन्हा मीच गेलो. इतर तिघं लिहून निघून गेले होते, मॅडम ऑफिसात होत्या. लॅबमध्ये ती आणि मी. अ‍ॅडमिशनचं विचारलं. ते गेलंच होतं. आता ती साक्रीला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देत होती. स्क्रीनवर तिनं जावास्क्रिप्ट लिहिली होती, अगदी आमच्या नोट्समधली, ओळीला ओळ. उत्तर धाडकन उघडत होतं.

"आता चालेल ना सर?"

तुझं आधीचंच बरोबर होतं, एवढंच म्हणायचं होतं. हसायला कोणी नव्हतं, लाज वाटावी असं कोणी बघत नव्हतं.

मी म्हणालो, "चालेल."


ती थँक्यू सर म्हणाली आणि कॉम्प्युटर बंद करून निघाली.