सविताचा हातगुण

सविता हरसूलकडची. पावसाळा सरत आला की टोळीबरोबर आमच्या द्राक्षबागेत कलमं बांधायला यायची. गप्पा मारता मारता तिचा खुंट चिरून व्हायचा आणि काडी आत बसलेली असायची. त्या हाताचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

गेल्या वर्षी तिच्या शंभर कलमांपैकी ऐंशी फुटली, टोळीतल्याच रंगूबाईची शंभरात अठ्ठ्याऐंशी. बाग माझ्या काकांची, कोंडाजीकाकांची. त्यांना मोजायची हौस, आणि बोलायची त्याहून मोठी. सगळ्या टोळीसमोर म्हणाले, "सविता, तुझ्या हाताला गुण नाय राहिला. आता पाणी घाल तू."

हातगुण गेला म्हटल्यावर बाईने मान वर कशी करायची? भाचीच्या लग्नात पहिली हळद लावायला बोलावलं, तर ही लाजेने चुलीमागे जाऊन बसली. यंदा टोळी आल्यावर ते ऐकून मला काकांचा संताप आला.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. काकांना ओट्यावर बसवून विचारलं, "एकाच बाईने दोनदा शंभर कलमं बांधली, तर दोन्हीदा सारखीच फुटतील?"

"नाय फुटायची."

"मग एवढा फरक नुसता योगायोगानेही पडतो. मी गणित केलं. पंच्याण्णव टक्के खात्रीने बोलायचं तर रंगूबाई शंभरात अठरांनी पुढे असण्यापासून सविताच दोनांनी पुढे असण्यापर्यंत काहीही असू शकतं. फरक शून्यही असू शकतो. एवढ्यावर तुम्ही तिला नावं ठेवलीत."

काका वरमले. त्यांनी सविताला बोलावलं आणि टोळीदेखत म्हणाले, "चुकलं माझं."

तिचा चेहरा खुलला. "म्हंजे ताई, माझा हात रंगूबाईवानीच चांगला हाय?"

हो म्हणून मोकळं व्हावं, असं फार वाटलं. पण ते खोटं झालं असतं. "तसंही सांगता येत नाही, मावशी. कमी असेलही. यंदा दोघी एकाआड एक ओळ घ्या, चार-चारशे बांधा. मग बरंच कळेल."

काकांनी कलमाचा चाकू पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"नको ताई. आता निदान कुणाला नक्की ठावं नाय. चारशे मोजली आन् हात खरंच वाईट निघाला, तर तोंड कुठं लपवू?"

मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली. तिने पाण्याची नळी उचलली आणि ती बागेत गेली.