शेवटच्या पंगतीची पातेली

"सही करणार का न्हाय, तेवढं सांग आधी!"

"आवं, बाजूला सरा. लापशी बुडाला लागंल."

"लापशीचं कवतिक नको सांगूस मला. बारामतीच्या लॉन्सवाल्याला शब्द दिलाय मी. सोमवारी इंदापूरला खरेदीखत हाय. गिऱ्हाईक किती दिवस थांबंल?"

"वीस गुंठं गिऱ्हाइकाच्या नावावर हायती का माझ्या?"

द्वारकाबाईंनी उलथनं कढईच्या काठावर ठोकलं आणि पुन्हा ढवळायला लागल्या. लासुर्ण्यातल्या त्यांच्या घरामागं, चिंचेखाली, दगडांच्या चुली मांडल्या होत्या. आज एकुलत्या एका लेकीचा, राजलक्ष्मीचा, साखरपुडा होता. दोनशे माणसांचा स्वैपाक. केटररला त्यांनीच उंबऱ्यातून परत पाठवलं होतं. भांडण मात्र साखरपुड्याचं नव्हतं, चार महिन्यांनी व्हायच्या लग्नाचं होतं.

गेल्या वर्षी द्वारकाबाईंच्या नवऱ्याच्या, सर्जेरावांच्या, चुलतभावानं लेकीचं लग्न बारामतीत लॉन्सवर केलं होतं. फिरतं स्टेज, डोक्यावर घिरट्या घालणारा ड्रोन, उघड्या जीपमधून आलेला नवरदेव, आणि हार घालताना दोन्ही बाजूंनी उसळलेला रंगीत धूर. सर्जेराव तोंड उघडं ठेवून बघत राहिले होते. तो धूर तेव्हापासून त्यांच्या डोक्यातून गेलाच नव्हता. त्याहून कांकणभर सरस लग्न करायचं, तर कालव्याकडचे वीस गुंठे विकायला हवे होते.

ते वीस गुंठे सासऱ्यांनी सुनेच्या नावावर केले, कारण तेव्हा तिथं नुसता मुरूम होता आणि दोन्ही मुलांपैकी कुणालाच तो नको होता. द्वारकाबाईंनी दोन उन्हाळे तळ्यातला गाळ बैलगाडीनं आणून तिथं पसरला. आता त्या तुकड्यातला ऊस बघायला लोक वाट वाकडी करून यायचे.

"एकच लेक हाय," सर्जेराव आवाज उतरवून म्हणाले. "लोकांनी नाव काढलं पायजे."

"मी गाळ वडत व्हते तवा कडंला हुभं राहून हसायचं, तीच लोकं ना?"

"म्हंजी सही न्हाय?"

"आजचं जेवान पार पडू द्या. मग बोलू."

सर्जेराव पाय आपटत पुढं गेले आणि फेटा सारखा करून मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले.

दहा वाजता नवरदेवाकडच्या गाड्या आल्या. नवरदेव ऋषिराज बारामती एमआयडीसीत नोकरीला होता. त्याचे चुलते, ज्यांना सगळे आबा म्हणत, पुढं होऊन गळ्यात पडले. इथवर सगळं ठरल्याप्रमाणं होतं. पण गाड्या थांबेनात. सणसरचे आले, निमसाखरचे आले, जंक्शन गावातून तर तीन टेम्पो भरून आले. सर्जेरावांना निम्मे चेहरे ओळखू येईनात.

"सर्जेराव, मेसेज मिळाला बरं का!" एक गृहस्थ बायको, आई आणि चार पोरं घेऊन उतरले. "हेच निमंत्रण समजावं म्हणालात. समजलो!"

सर्जेरावांना तो मेसेज आठवला. आठ दिवसांपूर्वी त्यांनी ऊसवाल्यांच्या ग्रुपवर स्वतः मेसेज लिहिला होता. सहकुटुंब सहपरिवार यावं, घाईगडबडीत प्रत्यक्ष येणं जमलं नाही तरी हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं. असं लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलं. तो मेसेज गावोगाव फिरला होता, आणि लोकांनी तो मनावर घेतला होता.

ते धावत घरामागं गेले. आयुष्यात शेकडो लग्नं जेवले, पण कुठल्याही मांडवाच्या मागल्या बाजूला ते कधी गेले नव्हते.

"द्वारके, घात झाला. कालव्यापातूर गाड्या लागल्यात."

"माणसं किती?"

"मला काय म्हाईत!"

द्वारकाबाईंनी पदराला हात पुसले आणि मांडवाच्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. माणसांकडं त्यांनी पाहिलंच नाही. बाहेर पडलेल्या चपलांवरून त्यांची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू गेली.

"नऊशे," त्या म्हणाल्या. "बारकी पोरं धरून. आनखी शंभर येतील."

"मग आता?"

"आता काय. जेवत्याल."

त्यांनी शेजारच्या सारजाला हाक मारली. "पुऱ्या बंद कर. तळत बसलो तर सांज व्हईल. गावात फिर, घरटी पंचवीस चपात्या सांग. कुणी इचारलं तर म्हण, द्वारकाकाकीनं मागितल्यात." दिराला रव्यासाठी गिरणीत पिटाळलं, पुतण्याला गुळाच्या ढेपांसाठी गुऱ्हाळावर. आमटीला दोन हंडे आधण ठेवलं. मग नवऱ्याकडं वळल्या. "आन तुमी गुरुजींना सांगा, सावकाश चालू द्या. आज एकबी मंत्र गाळायचा न्हाय."

सर्जेराव सांगून आले, पण पुढं थांबवेना, म्हणून परत मागं आले. चिंचेच्या बुंध्याला टेकून ते जे पाहत राहिले, ते त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

मागल्या दारानं बाया यायला लागल्या. सुना, म्हाताऱ्या, कॉलेजच्या पोरी. कुणाच्या दुरडीत चपात्या, कुणाच्या परातीत, कुणी धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणलेल्या. कुणी काही विचारत नव्हतं. आणलेलं ठेवायचं, पदर खोचायचा आणि वांगी चिरायला बसायचं. ज्यांच्याशी सर्जेरावांचं बांधावरून बोलणं बंद होतं, त्या घरची सून दोन दुरड्या घेऊन आली.

"मामंजी, वाटंत हुबं राहू नका," ती म्हणाली. "तुमचा फेटा आमटीत पडंल."

बाया हसल्या. सर्जेराव बाजूला सरकले. ह्या सगळ्या घरांच्या लग्नकार्यांत द्वारका तीस वर्षं चुलीपुढं उभी राहिली होती. ती घरी नसली की ते कुरकुरायचे. गावाची बिनपगारी आचारीण म्हणून चिडवायचे.

आता ती नऊशे माणसांच्या स्वैपाकाच्या मधोमध उभी होती आणि तिचा आवाज चढलेला नव्हता. बोट दाखवलं की हंडा उतरायचा. आमटीची वाफ नुसती हुंगून ती म्हणाली, "मीठ कमी हाय," आणि ओंजळभर टाकलं. पलीकडं दोन बाया घामाघूम होऊन लापशी ढवळत होत्या. तिनं उलथन्याचा दांडा धरला, एकदाच फिरवला आणि सांगितलं, "आता पाणी नका घालू." चव तिनं कशाचीच घेतली नाही. गुळाचा वास सगळ्या आळीवर पसरला. लॉन्सवरच्या त्या रंगीत धुराला कसलाच वास नव्हता, हे सर्जेरावांच्या आत्ता ध्यानात आलं.

पहिली पंगत बसवायला सांगणार, तोच त्यांना एक गोष्ट दिसली. वाढपी बादल्या भरायला आले, तर द्वारकाबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. आधी चार मोठी पातेली भरून घेतली, भिंतीकडंला ठेवली आणि वर धोतराचं पांढरं फडकं झाकलं. मग म्हणाल्या, "हं, न्या आता."

"ती कशाला झाकलीस?" सर्जेरावांनी विचारलं. "पुढं माणसं ताटकळल्यात."

"शेवटच्या पंगतीची हायती. ती आधी काढायची."

"शेवटची आधी?"

"मी तसंच करते. सगळ्या लग्नांत."

एकतीस वर्षांपूर्वीचा सासुरवाडीचा, लोणी देवकरचा, मांडव सर्जेरावांना आठवला. त्यांच्याच लग्नात जेवण कमी पडलं होतं. शेवटची पंगत पानांवर बसली आणि तशीच उठली. त्यांच्या चुलत्यांनी भर मांडवात द्वारकाबाईंच्या वडिलांना नको ते ऐकवलं. सासरे टोपी हातात घेऊन उभे होते. सर्जेराव नवरदेव, ते पहिल्याच पंगतीला पोटभर जेवले होते. बाकीचं ते विसरूनही गेले होते. नवरी त्या दिवशी जेवली का, हे त्यांनी एकतीस वर्षांत विचारलंच नव्हतं.

"द्वारके," ते म्हणाले, "तवा तू..."

"चपात्या सोडवून द्या तिकडं. चिकटल्यात."

ते खाली बसले आणि चपात्या सोडवायला लागले.

पाच पंगती झाल्या. चपलांवरून सांगितलेला आकडा पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यांशी ताडून पाहणारा दीर आकडा जुळलेला बघून कपाळाला हात लावून बसला. कुणी अर्धपोटी उठलं नाही. निमसाखरचे एक म्हातारे हात धुता धुता विचारत होते, "आचारी कुठला, ओ? नंबर द्या की!"

तेवढ्यात आबांनी सर्जेरावांना ओट्यावर बोलावलं. नवरदेवाकडची सगळी वडीलधारी माणसं बसली होती.

"सर्जेराव, स्पष्ट बोलू का?" आबा म्हणाले. "अख्खा तालुका जेवून गेला. चार महिन्यांनी हीच माणसं लॉन्सला बोलवून आनखी काय खाऊ घालनार? गुरुजी हायती, मुहूर्त पाचाचा चांगला हाय. मंगळसूत्र तासाभरात बारामतीवरून येतंय. साखरपुड्यातच लगीन लावून टाकू. आमचा पोरगा तयार हाय. काय म्हंता?"

सगळे त्यांच्याकडं पाहत राहिले. सर्जेरावांना ड्रोन आठवला, फिरतं स्टेज आठवलं. चुलतभाऊ समोरच बसून दात कोरत होता.

"घरात विचारून येतो," ते म्हणाले.

मागं शेवटची पंगत बसली होती. टेम्पोचे ड्रायव्हर, वाजंत्री, आणि दिवसभर राबलेल्या सगळ्या बाया. फडकं निघालं होतं, लापशी अजून वाफाळत होती. द्वारकाबाई वाढत होत्या. राजलक्ष्मी साखरपुड्याच्या साडीतच पाण्याचा जग घेऊन फिरत होती. सर्जेरावांनी आबांचं म्हणणं सांगितलं.

"मला काय इचारता?" द्वारकाबाई म्हणाल्या. "जिचं हाय तिला इचारा."

राजलक्ष्मीनं जग खाली ठेवला. "मला लॉन्स कधी पायजे व्हतं, पप्पा? पन माझ्या कंपनीतल्या मैत्रिणी न्हाईत आल्या."

"त्यांना फोन कर. पाचपातूर पोचतील," सर्जेराव म्हणाले.

"आन त्यांचं जेवान?" सारजानं तोंडातला घास आवरत विचारलं.

"चूल इझली न्हाय अजून," द्वारकाबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडं बघितलं. एवढ्या दिवसात पहिल्यांदाच काही विचारायचं असल्यासारखं. पण विचारलं नाही.

सर्जेरावांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि चिंचेच्या फांदीला अडकवला. पत्रावळ ओढून घेतली, ड्रायव्हरच्या शेजारी मांडी घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"लगीन आज पाचला लागंल. सोमवारी इंदापूरला कुणी जायाचं न्हाय."