चादरीचं दुसरं टोक

मावशीला राग यायला कधी फारसं कारण लागत नसे. या वेळी मात्र कारण चांगलं भक्कम होतं, आणि ते कारण ती स्वतःच होती. त्यामुळे राग काढायचा कुणावर, हेच तिला कळेना.

ती एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची. तिला सगळेच मावशी म्हणत. तिथला मुकादम तिच्याहून चार वर्षांनी मोठा, गुडघ्यांनी अधू आणि डोक्याने टकला, तरी तोही मावशीच म्हणायचा, आणि हा तिचा जुना सल होता. दिवसाला चारशे चादरी. चादर एकटीने घडी करता येत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, दुमडायची, एकमेकींकडे चालत यायचं, एकीने टोकं दुसरीच्या हातात द्यायची आणि खाली लोंबणारी घडी उचलायची. हे काम मावशी अकरा वर्षं एकाच बाईबरोबर करत होती. ती बाई टेबलाच्या समोरच्या बाजूला उभी राहायची, म्हणून मावशी तिला समोरची म्हणायची.

समोरची स्पॅनिश बोलणारी. बाकीच्यांच्या भाषेतले तिला चारच शब्द यायचे: ओलं, गरम, संपलं आणि उद्या. मावशीला स्पॅनिशचा तेवढाही गंध नव्हता. पण घड्या घालताना भाषेची कुणाला पडली होती? चादरीला एक हलका झटका म्हणजे ढील दे. दोन झटके म्हणजे मुकादम येतोय. डाग राहिला असेल तर भुवई वर. जेवणाच्या सुट्टीत दोघी शेजारी बसून आपापला डबा खात आणि पाय चोळत. अकरा वर्षांत त्यांचं एकदाही भांडण झालं नाही. मावशी हे मोठ्या कौतुकाने घरी सांगायची. टीव्हीसमोर बसलेला नवरा "बरं" म्हणायचा, आणि मुलगा फोनमधून मान वर काढायचा नाही.

मग एकदा समोरची चार दिवस आलीच नाही. मुकादमाने त्या जागी रेडिओला उभं केलं. रेडिओ म्हणजे तिथलीच एक बाई, बोलायला लागली की बंद होत नसे. तिच्या सुनेच्या कागाळ्या ऐकता ऐकता चादरींच्या घड्या तिरक्या व्हायच्या आणि मावशीला त्या उलगडून पुन्हा घालाव्या लागायच्या. चार दिवसांत मावशीचं डोकं पार उठलं. पाचव्या दिवशी सकाळी समोरची दारातून आत आली, तेव्हा मावशीला इतकं हायसं वाटलं की तिने लांबूनच तिची थट्टा केली. आधी मनगटावर बोट आपटून दाखवलं. मग दोन्ही तळवे गालाखाली घेऊन, डोळे मिटून, घोरण्याचं सोंग केलं: काय बाई, मजा आहे, चार दिवस झोपा काढल्यास. आणि एकटीच खो-खो हसली.

समोरचीने तिच्याकडे बघितलं. टेबलापाशी येऊन चादर उचलली, तशीच परत ठेवली, मुकादमाकडे गेली, आणि तेव्हापासून ती पलीकडच्या टेबलावर उशीचे अभ्रे घडी करायला बसू लागली. अभ्र्यांना दुसरं माणूस लागत नाही.

दोन दिवसांनी मुकादम जाता जाता म्हणाला, "तिचा नवरा गेला, मावशी. ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

धरणीने पोटात घ्यावं असं मावशीला झालं. पण धरणी असल्या वेळी कामाला येत नाही. ती तशीच अभ्र्यांच्या टेबलापाशी गेली, हात जोडले, छातीवर ठेवले, डोळ्यांना पदर लावला. समोरचीने अभ्रा झटकला. मावशी मुकादमाकडे गेली. "तुम्हाला तिची भाषा येते. एवढं सांगा ना, की मला माहीत नव्हतं."

"मी मुकादम आहे, दुभाषी नाही," तो म्हणाला. "आणि माफी अशी दुसऱ्याच्या हाती पाठवायची असते का?"

संध्याकाळी मुलाला विनवून तिने फोनमध्ये भाषांतर करून घेतलं. दुसऱ्या दिवशी अभ्र्यांच्या टेबलावर फोन धरला आणि कळ दाबली. आतून एक लाडिक पोरगी, विमानाची वेळ सांगावी तशा आवाजात, दुःख व्यक्त करू लागली. मागे यंत्रांची घरघर. समोरचीने फोनकडे बघितलं, मावशीकडे बघितलंच नाही. फोन बोलून संपला तरी ती अभ्रेच मोजत होती. मावशीने फोन पिशवीत टाकला. त्याच क्षणी तिने ठरवलं की हे आता स्वतःच्या तोंडाने बोलायचं.

वाचनालयाच्या माडीवर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजता प्राथमिक स्पॅनिशचा वर्ग भरायचा. नवरा म्हणाला, "या वयात?" ती म्हणाली, "तोंड त्याच वयाचं आहे, रोज बोलतं." आणि नाव घालून आली.

वर्गाच्या बाई वयाने तिच्या मुलीएवढ्या. त्या सदा आनंदात असत. पहिल्या दिवशी त्यांनी टाळ्या वाजवत रंग शिकवले. आता ज्या बाईने अकरा वर्षं पांढऱ्याशिवाय दुसरा रंग हाताळला नाही, तिला जांभळा घेऊन काय करायचा? दुसऱ्या आठवड्यात फळं आली, तिसऱ्यात प्राणी. मावशीने हात वर केला. "बाई, नवरा गेलेल्या बाईशी काय बोलायचं ते सांगा."

"ते पुढच्या पातळीवर येईल," बाई हसून म्हणाल्या. "आत्ता आपण आनंदाचे विषय घेतोय."

जखम मांडीला आणि मलम शेंडीला. एका पाठात नुसतं हॉटेल होतं. मावशी गिऱ्हाईक झाली आणि एक निवृत्त पोस्टमन वेटर झाला. त्याला कानाने कमी ऐकू यायचं. तिने तीनदा मासा मागितला आणि त्याने तीनदा सूप आणलं. सगळा वर्ग हसला. मावशीला हसू येईना. तिकडे समोरची अभ्रे घडी करत होती, इकडे आपण नसलेला मासा मागतोय, या विचाराने तिचा जीव जळत होता.

तरी ती गेली. घड्या घालता घालता ओठांतल्या ओठांत घोकायची. रेडिओला वाटे, आपल्या सुनेला शिव्या देतेय, म्हणून ती दुप्पट उत्साहाने बोलायची. जिभेला वळण लागेना. ज्या अक्षरावर जीभ थरथरवायची, तिथे मावशीची जीभ ओल्या चादरीसारखी पडायची. आरशासमोर थरथरवून बघताना नवऱ्याने पाहिलं आणि डॉक्टरकडे जाऊ या म्हणाला.

तीन महिन्यांनी बाईंनी एका शनिवारी वस्तीतली स्पॅनिश बोलणारी माणसं वर्गात बोलावली. भाषा पुस्तकात नसते, माणसांत असते, असं त्यांचं म्हणणं. एक न्हावी आला, एक बेकरीवाली आणि एक बसचालक. तिघे तीन देशांचे. मावशीने वेळ न दवडता आपला प्रश्न टाकला. न्हावी म्हणाला, "लो सिएन्तो मूचो" म्हणा, फार वाईट वाटतं, बास. बेकरीवालीने नाक मुरडलं. म्हणे, हे तर बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला तरी म्हणतात. मेल्या माणसासाठी वेगळं वाक्य आहे, आणि तिने ते म्हणून दाखवलं. ते हातभर लांब होतं. बसचालक म्हणाला की त्याच्याकडे बोलतच नाहीत, जाऊन मिठी मारतात. मग खरी स्पॅनिश कुठल्या देशात बोलतात यावर तिघांची जी जुंपली, ती अर्धा तास चालली. बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "बघा, किती समृद्ध संस्कृती आहे."

"ती समृद्धी राहू दे तुमच्याकडे," मावशी पुटपुटली. "मला एक वाक्य मिळेना."

निघताना न्हावी तिच्याबरोबर जिना उतरला. गिऱ्हाइकांमुळे त्याला मावशीची भाषा बऱ्यापैकी यायची. "कशाने गेला तो?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"काम काय करायचा?"

"माहीत नाही."

"नाव?"

न्हावी एक पायरी खाली थांबला. "मग बाई, तुम्ही वाईट कुणाबद्दल वाटून घेताय?"

घरी पोचेपर्यंत ती त्या न्हाव्याला मनातल्या मनात शिव्या देत होती. कोण कुठला उपटसुंभ, याला कुणी विचारलं होतं? पण तो खरं बोलला होता, आणि खरं बोलणाऱ्याला दिलेल्या शिव्या आपल्यालाच लागतात. अकरा वर्षं आपण जिला मैत्रीण म्हणत आलो, तिच्याबद्दल आपल्याला तिचा डबा सोडून काही माहीत नाही. हे कळल्यावर तिला जेवण गेलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती अभ्र्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. फोन नाही, कागद नाही. "लो सिएन्तो मूचो," ती म्हणाली. जीभ जमेल तशी वळवली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली की मी मूर्ख. तेवढं व्याकरण तिला येत होतं.

समोरचीने हातातला अभ्रा खाली ठेवला, आणि बोलायला लागली. अकरा वर्षं हिच्या तोंडून "ओलं" आणि "उद्या" याच्यापलीकडे मावशीने काही ऐकलं नव्हतं. आता धरणाचं दार उघडावं तसं सुरू झालं. मावशीला दहातले दोन शब्द कळत होते. अकरा. वर्षं. माझा नवरा. मग समोरचीने तळवे गालाखाली घेतले, डोळे मिटले, घोरली, आणि "हा हा हा" असं मावशीसारखं हसून दाखवलं. ते मात्र सगळं कळलं. आपण इतक्या वाईट दिसलो होतो, हे मावशी पहिल्यांदा बघत होती.

तिने मान खाली घालून ऐकून घ्यायला हवं होतं. तीन महिने तिने त्याचीच तयारी केली होती. पण समोरची थांबेचना. पुन्हा अकरा वर्षं, पुन्हा कधीच नाही, पुन्हा तू, तू, तू. मावशीच्या डोक्यात रंग, फळं, मासा, बहिरा पोस्टमन, सगळं एकदम उसळलं. एवढी उरस्फोड कुणासाठी केली मी? "तू ताम्बिएन," ती ओरडली. तूसुद्धा. "तू सांगितलंस?" हे तिला स्पॅनिशमध्ये येईना, म्हणून तिने ते आपल्या भाषेत घातलं. "मला कळणार कसं? यो नो सोय दिओस." मी काही देव नाही. हे वाक्य कुठल्याच पाठात नव्हतं, तिचं तिनेच जुळवलं होतं.

डबे खाणाऱ्या बायका घास हातात घेऊन बघत राहिल्या. रेडिओसुद्धा बंद पडला. मुकादम लंगडत आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. दोघी एकदम त्याच्यावर उलटल्या, ही आपल्या भाषेत, ती आपल्या. दुभाषी नसलेला तो बिचारा आला तसा परत गेला.

मग समोरची मळक्या चादरींच्या गाठोड्यावर मटकन बसली. तिचा राग संपलेला होता, निदान त्या दिवसापुरता. मावशीही शेजारी बसली. समोरची हळूहळू बोलू लागली, लहान मुलाला घास भरवावा तशी, एक शब्द, मग थांबणं, मग पुढचा. मी मारिदो. माझा नवरा. तोदोस लोस दिआस. रोज. तिने खिडकीकडे हात केला आणि सूर्य खाली नेऊन दाखवला: संध्याकाळी. ती घरी गेली की तो विचारायचा. मग तिने चादरीची दोन टोकं धरल्यासारखे हात पुढे केले आणि हनुवटीने मावशीकडे खूण केली: ती तुझ्या समोरची बाई. क्वान्तोस इखोस तिएने. तिला मुलं किती?

आणि समोरचीने खांदे उडवले. रोज ती खांदे उडवायची. माहीत नाही. तो हसायचा आणि म्हणायचा, उद्या विचार. उद्या. हा शब्द तिने मावशीच्या भाषेत म्हटला, कारण तो तिला येत होता.

मावशीला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा तेच आलं. कुणी एक माणूस, ज्याचं तोंड तिने कधी बघितलं नाही, अकरा वर्षं संध्याकाळी तिची चौकशी करत होता. तिच्या स्वतःच्या घरात समोरचीबद्दल एक प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता; घरचं राहू दे, तिने स्वतः विचारला नव्हता. मावशीला रडू फुटलं. तिला रडण्याचाही राग आला, कारण रडताना शब्द आठवत नाहीत.

तिने नाक पुसलं आणि दोन बोटं वर केली. "दोस," ती म्हणाली. "उना इखा. उन इखो." एक मुलगी, एक मुलगा.

समोरचीने ते ऐकलं, ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून घेतलं, आणि मान हलवली. मग छताकडे बोट दाखवून, फार सावकाश, मावशीला कळेल अशा बेताने म्हणाली की आज घरी गेले की सांगते त्याला.

मावशीला अजून पुष्कळ सांगायचं होतं. मुलगी लांब असते म्हणावं, महिन्याने एकदा फोन करते. मुलगा घरातच असतो, पण बोलत नाही. तो विचारायचा तसं मला कुणी विचारत नाही, हेही सांग त्याला. जांभळा रंग येत होता, मासा येत होता, यातलं काही येत नव्हतं. ती चडफडत एकेक शब्द शोधत राहिली. सुट्टी संपल्याची घंटा झाली, आणि समोरची उठली नाही.