दाराशी ठेवलेली खुर्ची

पाठ दुखणाऱ्या माणसाला तुमच्या सभेत बसायला जागा आहे का? आमच्या सभेत नव्हती, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता.

नावड्यात आमची सभा सतरंजीवर भरते. बाबा तळोज्याच्या कारखान्यात कामाला लागले तेव्हापासूनची ही रीत. खुर्ची साहेबाची, सतरंजी आपली. बोलायचं असेल त्यानं उभं राहावं, बोलून झालं की पुन्हा सगळ्यांत बसावं. मी याच सतरंजीवर वाढले. अक्षरं शिकले ती बाबांच्या पत्रकांवरून. 'निषेध' हा शब्द मला 'बदक'च्या आधी लिहिता येत होता. कॉलेजात गेल्यावर पत्रकं मीच लिहू लागले. 'खुर्चीला चिकटलेल्यांनो' ही सुरुवात मला फार आवडायची.

सव्विसाव्या वर्षी मणक्यातली गादी सरकली, नस दबली, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उत्तम झालं. फोटोत उत्तमच दिसतं. पण डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कुणी गरम तार ओढावी तशी कळ यायची, ती गेली नाही. उभी असले, चालत असले की सोसवते. मांडी घालून जमिनीवर बसले की संपलं. नस बरी व्हायला वेळ लागतो म्हणतात. किती, ते कोणी सांगत नाही. सुरुवातीला लोक डबे घेऊन आले. दुखणं जुनं झालं, तसा सगळ्यांचा एकच प्रश्न उरला : "ऑपरेशन झालं ना?"

गेल्या हिवाळ्यातली सभा वासाबद्दल होती. पहाटे कारखान्यांकडून उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, ऊन वर आलं की तो विरून जातो. हवा तपासणारी माणसं येतात ती त्यानंतर. आमची मागणी साधी होती : तपासणी पहाटे करा, आमच्यासमोर करा. निवेदन मी लिहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी हवा तपासणाऱ्या खात्याच्या साहेबांपुढे ते मीच मांडणार होते.

बाबांचे एक जुने मित्र आहेत, त्यांना मी काका म्हणते. भिंतीला टेकून माझी चुळबुळ चाललेली त्यांनी पाहिली.

"काय गं, ऑपरेशन झालं ना तुझं?"

"झालं, काका."

"मग?"

काका मनानं चांगले. उठून समोरच्या चहाच्या टपरीवरून लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले आणि दाराशी ठेवली. मी बसले.

"अध्यक्षीनबाई आल्या! हार आना रे, हार!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मॅडमना पानी तरी इचारा!"

पुढे बसलेल्या शेजारच्या मावशी वळून म्हणाल्या, "तुजा बरा हाय बाय. आमची ढुंगनं गारठली इथं."

सगळे हसले. मीही हसले. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बोलायला तोंड उघडलं, तेव्हा सगळ्यांची डोकी माझ्या खाली होती आणि त्यातलं एकही चटकन वर होत नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. ते सतरंजीचा दोरा ओढत बसले.

मी खाली उतरले. सभा संपेपर्यंत मांडी घालून बसले. "शाब्बास, ही आपली पोरगी," असंही कोणी म्हणालं.

सकाळी मला कूस बदलता येईना. निवेदन घेऊन बाबा गेले. दुपारी परत आले, चपला काढल्या, पाणी प्यायले.

"काय म्हणाले?" मी पडल्या पडल्या विचारलं.

"तपासणी करतो म्हणाले."

"पहाटे?"

"पहाटे माणसं मिळत नाहीत म्हणे. अकरापर्यंत येतील."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"तू असतीस तर भांडली असतीस." मग पेला पालथा घालत म्हणाले, "तिथं सगळ्यांना खुर्च्या होत्या गं. चांगल्या, पाठीच्या. तुला बसता आलं असतं."

तपासणी अकराला झाली. हवा स्वच्छ निघाली, तसा सहीशिक्क्याचा कागदही आला. आता काहीही म्हटलं की तो कागद आमच्यापुढे धरतात. वास येतोच आहे. पहाटे मावशी खोकतात ते भिंतीपलीकडून मला ऐकू येतं.

बाबांवर मला नीट रागावताही येत नाही. ज्या सतरंजीनं त्यांना साहेबापुढे ताठ उभं राहायला शिकवलं, तिच्यावरून मुलीला उठवायचं त्यांच्या जिवावर आलं. आता मी सभेला जात नाही. पत्रकं लिहिते, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून, थांबत थांबत. ती दुसरं कोणी वाचून दाखवतं. कुठे आवाज चढवायचा ते त्यांना कळत नाही.

तुम्ही कुठे सभा भरवत असाल, तर एवढं करा. सतरंजी जरूर अंथरा, पण तिच्यावर मधोमध चार-पाच खुर्च्याही मांडा. कोणी मागायच्या आधी मांडा. आणि तुमची पाठ धडधाकट असली, तरी त्यातल्या एकीवर आधी तुम्ही बसा.