शालूवन्सं झिजल्या नाहीत

एक फलक, साडेसातशे रुपये. दोन हार, दीडशे.
एवढं काल घरी आलं, आणि फलकावरची ओळ खोटी आहे.

"कुटुंबासाठी आयुष्यभर झिजल्या."

माझ्या नणंद, शालूवन्सं, परवा गेल्या. फलक नातवानं करून आणला. तो एचआरमध्ये आहे. माणसं काम का करतात, हे लोकांना शिकवतो.
मी म्हटलं, "ही ओळ कुणी सांगितली रे?"
"आजी, त्या पिढीच्या बायकांबद्दल असंच लिहितात."

असंच लिहितात!
तर ऐका.

साठीचं दशक. आम्ही पनवेलला राहायचो. नवी मुंबई हे नावसुद्धा नव्हतं. बेलापूर रस्त्यावर औषधांचा कारखाना निघाला आणि वन्सं तिथे चेकिंगला लागल्या. भरलेली बाटली दिव्यासमोर धरायची, आत कण दिसला की बाजूला काढायची. दिवसभर तेच.
घरी आल्या की चेहरा असा, जणू लग्नाला जाऊन आल्यात.

मग ह्यांना बढती मिळाली. मामंजी म्हणाले, "आता शालूनं घरी बसावं. गरज काय?"
घराचा हिशेब माझ्याकडे, मॅट्रिक झालेली सून ना! म्हणजे मलाच विचारणार, तिच्या पगाराशिवाय भागतं का.

मी ठरवलं, नाही भागत म्हणायचं. देवाची माफी नंतर मागू.
वन्संनी मला स्वयंपाकघरातच अडवलं.
"वहिनी, खोटं बोलायचं नाही. आज गरज आहे म्हणालात, तर गरज संपेल त्या दिवशी मला बसवतील."

मी पडवीत जाऊन मामंजींना सांगितलं, "भागतं. थोडं उरतंही."
"मग कशाला जायचं?"
"मला आवडतं, अण्णा," वन्सं माझ्या मागून वडिलांना म्हणाल्या.
"काम? आवडतं?"
"हो."

कारखान्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. वन्संनी डबा उचलला आणि गेल्या.

मामंजी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.
पुढे कुणीतरी काशीहून बाटलीत गंगा आणली. ती त्यांनी आधी लेकीच्या हातात दिली. "बघ गं जरा."
वन्संनी खिडकीच्या उजेडात धरली. "कण आहे, अण्णा. रिजेक्ट!"
मामंजी ठसका लागेपर्यंत हसले.
मी बाटली हिसकून देव्हाऱ्यात ठेवली. गंगेला रिजेक्ट करतात होय!

वन्सं निवृत्त होईपर्यंत कामावर गेल्या. पगार घरात दिला, नाही म्हणत नाही. पण पगारासाठी गेल्या नाहीत, आणि आमच्यासाठी तर मुळीच नाही.

नवा फलक म्हणजे पुन्हा साडेसातशे. ते काही मी घालवणार नाही. त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवलीय, माझ्या अक्षरात.
"यांना आपलं काम आवडायचं."
सानपाड्याला आमच्या सोसायटीच्या गेटवर लागलाय. नातू म्हणतो, बरं दिसत नाही.
न दिसो.

या आता, वन्सं.

त्यांच्याबरोबर चेकिंगला बसलेलं कुणी हे वाचत असेल, तर एखादी आठवण उलट टपाली कळवा. खाली लिहिलंत तरी चालेल.
"बिचारी" एवढं मात्र लिहू नका.