घंटेला आलेले मरळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या सकाळी मिशनच्या बोडीत जे झालं, ते चुन्यानं झालं असं सगळे मानतात. तसं मानू देणारा मी.

ऐंशीच्या दशकात मी साकोली भागात मासेखात्यात होतो. गावतळ्यांत रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची, हे काम. बोडी म्हणजे लहान तळं. एका खेड्यातल्या कॅथलिक चर्चच्या मागे अशी एक होती. फादर पास्कल तिच्यात कुणाला जाळं टाकू देत नसत. "देवानं राखायला दिली आहे, उपसायला नाही," म्हणायचे. प्रार्थनेची घंटा झाली की पायरीवर बसून भात टाकायचे. घंटा ऐकून मासे पायरीशी यायचे. काळे मरळ, हाताएवढे लांब. पाहुण्यांना गंमत वाटायची. मला पहिल्यापासून जरा कसंसंच व्हायचं.

फादरांची बदली झाली. जाण्याआधी गावातल्या गरीब घरांसाठी बोडीत बोटुकली सोडायची सोय करून जावी, अशी त्यांची इच्छा. मला बोलावून विचारलं, "जुने मासे राहतील ना, साहेब?"

"राहतील, फादर. तुम्ही फक्त थोडा चुना टाका. पाणी सुधारतं."

खोटं होतं. मरळ बोटुकली खाऊन टाकतो. म्हणून आधी बोडी साफ करतात. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरणारी ढेप पाण्यात कालवायची. मासे गुदमरून वर येतात. काही आठवड्यांनी पाणी पुन्हा चांगलं होतं. फादर गेल्यावर ढेप टाकली असती तरी चाललं असतं. पण वरचे साहेब म्हणाले, "उद्या दुपारी रिव्ह्यू मीटिंग आहे. बोडी साफ झाली की नाही, एवढंच सांगा."

"होते, सर."

त्या दिवशी फादरांनी सकाळीच स्वतःच्या हातानं चुना टाकला आणि दुपारी शेजारच्या गावी निरोप घ्यायला गेले. मी आणि गावातला मासेमार शिवाभाऊ ढिवर ढेप घेऊन बोडीत उतरलो.

"फादरले सांगतलं काय जी?"

"सांगतो मी."

"कधी? मासे मेल्यावर?" तो हसला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मेलेले मासे गोळा करून शिवाभाऊ पोती घेऊन गेला. बोडी स्वच्छ दिसत होती. बेडूक नाही, बगळा नाही. म्हशी पाण्यावर आल्या, काठाशी थांबल्या आणि वळल्या. चुलीचा धूर सरळ वर जात होता. वारा नव्हताच.

निरोपाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, लोक जमत होते. घंटा झाली. फादर भाताची ताटली घेऊन पायरीवर बसले.

पाणी हललं.

मरळ वर येऊन हवाही घेतो, त्यामुळे उशिरा मरतो, हे मला ठाऊक होतं. तळाशी किती उरले असतील, हे मनात आलं नव्हतं. ते आले. आडवे, उताणे, एकमेकांना घासत, तोंडं उघडी. आवाज अजिबात नाही. पायरीला लागले आणि तिथेच राहिले. फादरांच्या हातून सवयीनं भात पडला. शितं उघड्या तोंडांत गेली. एकही तोंड मिटलं नाही. घंटा थांबली तरी मागून येतच होते.

स्वयंपाकीण मार्थाबाई ओरडली, "अवो माय! फादर, हे कायनं झालं?"

फादरांनी आपले हात पाहिले. नखांत अजून चुना होता. "मीच टाकला ना, मार्था. जास्त झाला." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही थोडाच म्हणाला होतात."

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

मिस्सेत त्यांनी लोकांची क्षमा मागितली. राखायला दिलेलं जाताजाता मी मारलं, म्हणाले. दुपारी मीटिंगमध्ये मी सांगितलं, बोडी साफ.

बोटुकली चांगली वाढली. गावानं कटला खाल्ला. पाहणीला गेलो की मी घंटेची वेळ टाळायचो. एकदा सापडलोच. घंटा झाली, पाणी हललं नाही. तरी मी पायरीवरून मागे सरलो.

चुना किती, ढेप किती, याचं ट्रेनिंग आम्हाला मिळालं होतं. विचारणाऱ्याला खरं उत्तर द्यावं, हे त्यात नव्हतं. ते येत असेल असं धरलं होतं.

फादर अजून आहेत, फार थकलेत, असं मार्थाबाई सांगते. मी त्यांना एक वाक्य देणं लागतो: मासे तुमच्या चुन्यानं मेले नाहीत, माझ्या ढेपेनं मेले.