भाऊ मोजला नाही, नवरा मोजला

"ये गं, अशी जवळ ये," म्हणावं तर तू निघालेलीच. पायातली चप्पल निघायच्या आधीच "आत्या, निघते हं" म्हणायची ही कुठली तुझी रीत? फोनवर तर त्याहून वाईट. परवा तूच विचारलंस, "आत्या, तुला लग्नाआधी सरकारचे पैसे यायचे, ते लग्नानंतर बंद का झाले?" आणि मी "त्याचं काय झालं" म्हणेपर्यंत तुझा दुसरा फोन वाजला. म्हणून लिहूनच काढते. वाचताना तरी मध्ये उठू नकोस.

दोन वर्षांची असताना माझा उजवा पाय पोलिओनं गेला. तेव्हापासून कॅलिपर, म्हणजे त्या लोखंडी पट्ट्या, आणि जाड तळाचा बूट. चौथीनंतर शाळा सुटली. पुढचं वाचन झालं ते निर्मळच्या आपल्या वाडीत, मोगऱ्याच्या कळ्यांचे पुडे बांधताना. पुड्यांसाठी रद्दी यायची. मी बातमी अर्धी वाचायची, तोवर कागद कळ्यांना गुंडाळून बाजारात निघून जायचा. पुढं काय झालं ते कधी कळायचंच नाही. मला जी प्रश्न विचारायची खोड आहे ना, ती तिथली.

वडील गेले, वाडी तुझा बाप बघायला लागला. त्यानं मला कधी काही कमी केलं नाही, हे आधी लिहून ठेवते. पण निराधार योजनेचे पैसे घेऊन पोस्टमन सायकलवरून यायचा, मी माझी सही करायची आणि नोटा माझ्या हातात पडायच्या, त्याची गोष्ट वेगळी. फार नव्हत्या. कॅलिपरचा चामडी पट्टा तुटला, बुटाचा तळ झिजला, वसईला रिक्षानं जावंसं वाटलं, तर कुणाच्या तोंडाकडे बघायला लागायचं नाही, इतक्याच होत्या.

मग हे भेटले. अपंगांच्या दाखल्यांचं शिबिर होतं, एकाच बाकावर बसलो होतो. हे गोखिवऱ्याचे. तिथल्याच एका कारखान्यात यंत्रात सापडून डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. माझ्या बुटाकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्हाला विकतची चप्पल फक्त डावी लागत असेल. मला फक्त उजवी लागते. एक जोड घेतला तर दोघांचं भागेल."

मी म्हटलं, "आधी माप तरी विचारा."

अशानं लग्न जमलं, हसू नकोस. मी चौतिशीची होते आणि यांच्याकडे टेलिफोनचा बूथ होता. तेव्हा अपंगांना ते बूथ मिळायचे. गोखिवऱ्यात छोटे कारखाने खूप, कामगार गावाकडं फोन लावायला रांग लावायचे.

आता गंमत ऐक. आपल्या घरात एक रीत होती. लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या नावाचं रेशन माहेरच्यांनी एक दिवसही खायचं नाही. तुझ्या बापानं ती इतकी मनावर घेतली, की आठवड्याच्या आत रेशन ऑफिसला जाऊन माझं नाव कमी करून आणलं आणि तो दाखला साडीच्या घडीत घालून मला दिला. म्हणाला, "तुझं काही आमच्याकडं राहिलं नाही." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. यांनी लगेच माझं नाव आपल्या कार्डावर चढवून घेतलं. केवढं कौतुक झालं त्या कार्डाचं! कोपऱ्याला हळदीकुंकूसुद्धा लावलं होतं.

वर्षानं उत्पन्नाचा दाखला द्यायची वेळ आली. तहसीलला गेले. तिथला कारकून भला माणूस होता, मला बसायला स्वतःचं स्टूल दिलं. कार्ड उघडून म्हणाला, "घरात कोण कोण?"

"मी आणि हे."

"हे काय करतात?"

मी बूथचं सांगितलं. त्यानं काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग म्हणाला, "ताई, उत्पन्न मर्यादेच्या वर जातंय. तुमचं नाव आता बसत नाही."

"पण माझं उत्पन्न कुठं आहे, भाऊसाहेब?"

"तुमचं नाही, कुटुंबाचं."

"म्हणजे लग्न झालं म्हणून माझा पाय सरळ झाला का?"

"पायाचं कोण बोलतंय? अपंगाचा दाखला तुमचा तसाच आहे. पैसे मात्र कुटुंब बघून देतात."

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगू, मला कुतूहलच जास्त वाटलं. मी म्हटलं, "भावाकडे होते तेव्हा वाडी होती, विहीर होती, पंप होता. ते कुणी मोजलं नाही. आता एका पायाचा माणूस कपाटाएवढ्या खोक्यात बसून फोन लावून देतो, तो मोजला. हे कसं?"

त्यानं पेन खाली ठेवलं. "भाऊ कुटुंबात येत नाही, नवरा येतो. भावानं उद्या तुम्हाला जेवायला घातलं नाही, तर त्याला कोण विचारणार? नवऱ्याला घालावंच लागतं."

"आणि नाही घातलं, तर तुम्ही येणार विचारायला?"

रांगेतली एक म्हातारी फसकन हसली. "अगो, हा कसला येतो! याला बायको जेवायला बोलावते तरी इथून उठत नाय!" कारकूनही हसला. पण नाव कमी झालं ते झालंच.

बाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारा बसायचा. त्यानं खिडकीतून सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "मावशी, सोपं आहे. परित्यक्ता म्हणून अर्ज करा. नवरा टाकून पळून गेलाय, संबंध नाही, भावाकडे राहते. नाव परत भावाच्या कार्डावर चढवून आणा. अशा किती जणी करतात." आणि मी नको म्हणायच्या आत त्यानं अर्ज टाइप केलासुद्धा. खाली सहीची जागा मोकळी.

तो कागद घरी आणला. यांनी वाचला, परत वाचला. "मी तुला टाकलं? आणि पळून गेलो? अगं, पळायला पाय तरी पुरे हवेत!" खूप हसले. मग म्हणाले, "कर सही. मला काही वाटणार नाही. पैसे तुझे होते."

मी चार दिवस तो कागद पिठाच्या डब्याखाली ठेवला. तोवर चाळीत विचारत सुटले. नियम ज्यानं केला, त्याला वाटलं असणार, नवऱ्याच्या हातात आलं म्हणजे बायकोच्या हातात आलंच. खरंच येतं का? शेजारीण म्हणाली, "मी मागत नाही बाई, शर्टाच्या खिशातून काढते." दुसरी म्हणाली, "भाजीत वाचवते." तिसरीचा नवरा तिथंच पेपर वाचत बसला होता, ती काहीच बोलली नाही. पायाच्या पट्ट्यासाठी सरळ हात पुढं करून मागते, असं एकीनंही सांगितलं नाही. मी ते कसं करणार होते? मी तर चौतीस वर्षांची होईपर्यंत ती सवयच करून घेतली नव्हती.

पाचव्या दिवशी सही करायला बसले. अर्जात सगळ्यात खाली एक ओळ होती, ‘सदर इसमाशी माझा कोणताही संबंध राहिलेला नाही.’ आणि स्टोव्हवर त्याच सदर इसमाचा डबा होत होता. तुरीची आमटी, त्यांना आवडते तशी, कोकम घालून. मी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा पातेल्याकडे. सही काही झाली नाही. मोठं खरेपण वगैरे मनात आलं असं नाही गं. ती ओळ वाचून हातच पुढं जाईना. कागद घडी घालून डब्याबरोबर बूथवर नेला.

"नाही केली सही," मी म्हटलं. "पण एक सांगून ठेवते. पट्टा तुटला की मी तुमच्यापुढं हात पसरणार नाही. मला ते जमत नाही. तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे."

ते जेवत होते. घास संपवला. मग म्हणाले, "मग पसरू नकोस. सकाळी बूथ तू उघड. दुपारपर्यंत जे येईल ते तुझं. माझ्याकडे हिशेबाला यायचं नाही."

"परवाना तुमच्या नावावर आहे."

"नावावर माझ्या आहे. स्टुलावर कोण बसलंय ते कोण बघायला येतंय?"

दुसऱ्या दिवसापासून मी बसायला लागले. अगं, काय काय ऐकलं त्या बूथमध्ये! लोक गावाकडे किती गोड खोटं बोलतात! "पोटभर जेवतो, काळजी नको," आणि बाहेर येऊन माझ्याकडे पावाचे पैसे उधार मागायचे. पहिल्या महिन्यातच मी नवा पट्टा घेतला, खरा चामड्याचा. यांनी बघितला आणि काही विचारलं नाही. त्या न विचारण्याचं मला फार कौतुक वाटलं.

पुढं मोबाइल आले. रांग गेली, मग एकेक गिऱ्हाईक गेलं, मग खोकं भंगारात गेलं. उत्पन्न इतकं घसरलं की आता आम्ही दोघंही योजनेत बसायला लागलो. दोघंही अर्ज घेऊन गेलो. या वेळी कारकून नवा होता, पोरगेलासा. मी त्याला विचारलं, "यांना पैसे मिळाले, तर ते माझं उत्पन्न धरणार का? आणि मला मिळाले, तर यांचं? मग आधी कुणाला देणार, म्हणजे दुसऱ्याचं बंद होईल?"

त्यानं फाईल चाळली, साहेबांकडे जाऊन आला, परत चाळली. "आजी, हे मला आजवर कुणी विचारलंच नाही. सोमवारी या."

असे बरेच सोमवार गेले. शेवटी दोन्ही अर्ज मंजूर झाले. कुठल्या नियमानं, ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. नवरा मोजला म्हणून बंद झाले, आणि नवऱ्याकडे मोजण्यासारखं उरलं नाही तेव्हा सुरू झाले. आता बँकवाला म्हणतो, दोन खाती कशाला, दोघांचं एकच करा, सोपं पडेल. हे म्हणतात, "करून टाकू, दोन दोन पासबुकं कोण सांभाळणार?" मी अजून हो म्हटलेलं नाही. सांभाळायला मला काही जड जात नाही. पण यांना नाही कसं म्हणायचं, ते मला सुचत नाहीये. तू बँकेचं काम जाणतेस, आणि तुझं ते ऐकतात. तेव्हा फोन करू नकोस, ये. या रविवारी ये, जेवायलाच ये, आणि संध्याकाळपर्यंत थांबशील अशी ये.